सहनिवासाचा जमाखर्च

आतिथ्य आणि नफा हे दोन शब्द एका ओळीत आले, की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. अतिथीला देव मानण्याचा संस्कार आपल्यावर लहानपणीच झालेला. मग देवाकडून नैवेद्याचे पैसे घ्यायचे कसे? चार माणसे एकत्र आणून त्यांना चार दिवस निवांतपणे राहू, वाचू, फिरू देण्याचा खटाटोप कोणी केला, तर त्याने पदरमोड केली असे ऐकून लोकांना समाधान वाटते. आणि त्याला दोन पैसे उरले असे कळताच त्याच्या हेतूविषयी शंका येऊ लागते. गेली दहा वर्षे हा खटाटोप मी करीत आहे, आणि त्यात बहुधा दोन पैसे उरतात. हे उरणे योग्य की अयोग्य, याचा थोडा विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी राहते ते मिसरोद भोपाळच्या दक्षिण अंगाला, होशंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम झाले, तरी रस्त्याचे जुने नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्यानंतर ग्वाल्हेर-इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. आमचे कुटुंब त्यांतलेच. एके काळी शहराबाहेर वाटणारे मिसरोद आता शहरातच जमा झाले आहे. रुळांवरून रात्रंदिवस गाड्या धावतात. वास्को-मडगावहून निघून बेळगाव, मिरज, पुणे करीत येणारी गोवा एक्सप्रेस याच रुळांवरून जाते. मात्र मिसरोदच्या छोट्या स्टेशनावर ती थांबत नाही. आमचे पाहुणे भोपाळला उतरतात आणि तेथून बसने मागे येतात.

याच रेल्वेमार्गाचे मराठी माणसांवर आणखी एक ऋण आहे. १९५७ साली उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर गाडीतून जात असताना त्यांना खिडकीतून दूरच्या टेकडीवरील खडकांचे आकार दिसले. ते तेथे पोहोचले, आणि भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये जगापुढे आली. २००३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. मिसरोदहून ती सुमारे तासाभराच्या वाटेवर आहेत. बेतवेच्या काठचे भोजपूरचे अपुरे राहिलेले शिवमंदिर त्याहून जवळ. अशी दोन स्थळे हाताशी असताना दूरच्या मित्रमंडळींना थंडीत चार दिवस बोलवावे, ही कल्पना सुचली नसती तरच नवल. हल्ली अशा मुक्कामाला ‘रिट्रीट’ म्हणतात. आम्ही त्याला सहनिवास म्हणतो. भाड्याने घेतलेली एक साधी वास्तू, चोवीस माणसे, तीन रात्री, सकाळी वाचन, दुपारी विश्रांती, दोन दिवस प्रवास आणि संध्याकाळी गप्पा, असा त्याचा सरळ आराखडा आहे.

दुसऱ्याच वर्षी एका वयस्क गृहस्थांनी निरोप घेताना मला विचारले, “ताई, खरे सांगा, यात तुम्हाला काही उरते का?” मी म्हटले, “उरते.” गृहस्थ भले होते, त्यांनी विषय बदलला. परंतु ‘नाही हो, उलट खिशातूनच जातात’ हे उत्तर त्यांना अधिक आवडले असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

ते उत्तर मी का देऊ इच्छीत नाही, ते सांगते. माझ्या तरुणपणी एका संस्थेची वार्षिक स्नेहशिबिरे आमच्या ओळखीच्या घरांतून होत. वर्गणी नाममात्र असे, आणि तिच्या अल्पपणाचा सर्वांना अभिमान असे. अहवालात शेवटी ‘कार्यक्रम अत्यल्प खर्चात पार पडला’ हे वाक्य हमखास येई. ते अत्यल्प कसे झाले, हे मात्र अहवालात नसे. पहाटे चारला उठून साठ माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या आठ-दहा बायका स्वयंपाकघरात असत. व्याख्यान त्यांच्या कानावर भिंतीपलीकडून पडे तेवढेच. माझी आई त्यांतली एक. शिबिर संपले, की ती दोन दिवस अंथरुणाला खिळे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच उत्साहाने कणीक मळे. तिच्या उत्साहात खोटे काही नव्हते. पण म्हणून हिशोब खरा ठरत नाही. तोटा हवेत विरून जात नाही. तो कोणाच्या तरी पदरात पडतोच. ‘पदरमोड’ या शब्दातला पदर बहुधा कोणाचा असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत असा हिशोब नव्हता. मला वाटते, परंपरेत तो आपल्यापेक्षा अधिक चोख होता. आळंदी-पंढरपूरच्या पालखी सोहळ्याचे उदाहरण घ्या. त्याला आजचे शिस्तबद्ध रूप सुमारे १८३२ साली दिले, ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू पुरविले. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, कर्ण्याच्या इशाऱ्यावर उठणे, हे सारे लष्करी शिस्तीने बांधलेले. आणि दिंडीत चालणारा वारकरी फुकट जेवत नाही. दिंडीची भिशी तो आधी भरतो. त्यातून शिधा, तंबू, सामानाची गाडी यांचा खर्च निघतो. या भिशीमुळे कोणाच्या भक्तीला उणेपणा आल्याचे ऐकिवात नाही. गोमंतकातील मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळांतही उतरणारा कुळावी आपली पावती फाडतो आणि मग देवळात जातो.

याच्या उलट दिसणारी, परंतु तितकीच चोख अशी दुसरी रीत विपश्यनेच्या शिबिरांची आहे. १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी येथे, आणि आमच्या भोपाळजवळ केरवा धरणाच्या बाजूलाही, सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील शिबिरे चालतात. तेथे शुल्क नसते. दान स्वीकारले जाते, तेही निदान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. म्हणजे नव्याने आलेला साधक आधी येऊन गेलेल्याच्या दानावर जेवतो, आणि ही गोष्ट त्याला तेथे स्पष्ट सांगितली जाते. भिशी असो वा दान, पैसा कोठून आला हे दोन्हीकडे उघड आहे. झाकलेले असते ते आपल्या ‘अत्यल्प खर्चा’त.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे येऊ. ज्यांच्या मनात असा उपक्रम आहे त्यांना उपयोगी पडावे म्हणून गोल आकडे घेते. खर्चाचे दोन भाग करावेत. माणसे किती येतात यावर जो अवलंबून नाही तो ठरीव खर्च: वास्तूचे भाडे, दोन दिवसांची बस, वाचनाला मार्गदर्शन करणाऱ्यांचे मानधन, स्वयंपाक करणाऱ्यांची आणि झाडलोट करणाऱ्यांची मजुरी, आणि यजमानाचे स्वतःचे मानधन. हे शेवटचे कलम लिहिताना हात अडखळतो; पण ते लिहावेच. या सर्वांचे समजा १,२०,००० रुपये झाले. दुसरा माणशी खर्च: शिधा, चहा, अंथरूण-पांघरुणाची धुलाई, तो समजा २,५०० रुपये. शुल्क ८,५०० रुपये ठेवले, तर प्रत्येक माणसामागे ६,००० रुपये ठरीव खर्च भागवायला मिळतात. १,२०,००० ला ६,००० ने भागा, वीस येतात. वीस माणसे आली म्हणजे नफा नाही, तोटा नाही. एकोणीस आली तर ६,००० रुपयांचा खड्डा. चोवीस आली तर २४,००० रुपये शिल्लक.

या शिलकीतले निम्मे मी आधीच वाटून टाकते. चोवीसपैकी दोन जागा अशांसाठी राखलेल्या असतात, ज्यांना यायचे आहे पण शुल्क जड जाते. ते केवळ आपला माणशी खर्च देतात. ते दोघे कोण, हे मला ठाऊक असते, इतरांना नसते. मग २२ जणांचे १,३२,००० रुपये उरतात, आणि ठरीव खर्च वजा जाता खरी शिल्लक १२,०००. हाच माझा ‘नफा’. घरदार बांधावे इतका तो नाही; पण पुढच्या वर्षाचे आगाऊ भाडे मी उसनवारीवाचून भरू शकते.

शिलकीचे खरे मोल मला २०२० साली कळले. त्या वर्षी जागेच्या अडचणीमुळे आमचा सहनिवास मार्चअखेर ठरला होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. शुल्क सर्वांचे आलेले, शिधा भरलेला, वास्तूच्या भाड्यापोटी रक्कम दिलेली. पाच वर्षांची शिल्लक बाजूला होती म्हणून प्रत्येकाला पूर्ण पैसे परत करता आले, आणि कामाला येणाऱ्या बायकांना ठरलेली मजुरीही देता आली. शिधा त्यांच्याच घरी पोहोचविला. डबा रिकामा झाला. परंतु कोणाचे देणे राहिले नाही. आधीची पाच वर्षे मी उदारपणे तोट्यात काढली असती, तर त्या दिवशी तो उदारपणा या गरीब बायकांच्या घरून वसूल झाला असता.

मात्र नफ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपविणे बरे नव्हे. चोवीस माणसे सुखाने राहतात, तर तीस का नकोत? सहा माणसांमागे आणखी ३६,००० रुपये दिसू लागतात. पण तीस माणसांसाठी सभागृहात गाद्या पसराव्या लागतात, वाचनाचे वर्तुळ मोडून त्याच्या रांगा होतात, आणि दुपारच्या विश्रांतीत कोणाचे ना कोणाचे बोलणे चालूच राहते. माणसे येतात ती निवांतपणासाठी. तो विकून पैसे मिळवायचे, तर विकायला पुढच्या वर्षी काही उरत नाही. म्हणून आकडा चोवीसवर बांधलेला आहे. गोव्यात मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर योगाभ्यासाचे मुक्काम भरतात, त्यांच्या चालकांनाही हा मोह ओळखीचा असणार. तेथील हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खोपट्या मोडाव्या लागतात. वर्षाची कमाई सहा महिन्यांत करायची, म्हणजे एक खाट अधिक टाकण्याचा मोह सहापट.

कार्यक्रम आखतानाही तोच संयम लागतो. पाहुण्यांना दिलेल्या पैशांचे चीज व्हावे म्हणून दर तासाला काहीतरी ठेवावे, असे यजमानाला वाटते. मी उलट करते. भीमबेटकाला एक पूर्ण दिवस, भोजपूरला एक सकाळ; बाकी वेळ मोकळा. भोजपूरच्या मंदिराभोवतीच्या खडकांवर मंदिराचे आराखडे रेघांनी कोरलेले आहेत, आणि प्रचंड शिळा वर चढविण्यासाठी केलेला मातीचा उतार मागच्या बाजूला अजून दिसतो. अकराव्या शतकातल्या त्या कारागिरांनी आधी रेघ ओढली आणि मग दगड उचलला. आमच्यातले एक निवृत्त अभियंते त्या रेघांपुढे तासभर बसून होते. मंडळींना चहा थोडा उशिरा मिळाला. कोणाची तक्रार आली नाही.

जेवणाचेही तसेच. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी सीहोरकडच्या शरबती गव्हाच्या पोळ्या, एक दिवस दाल-बाफले. गोमंतकीय पाहुण्यांना तिसऱ्या दिवशी माशांची आठवण होतेच. तेव्हा समुद्र येथून फार दूर आहे असे नम्रपणे सांगावे लागते. स्वयंपाकाला मिसरोदच्याच तिघी बायका येतात. त्यांची मजुरी बाजारभावाहून थोडी अधिक ठेवली आहे, आणि संध्याकाळचे वाचन त्यांचे काम उरकल्यावरच सुरू होते. मराठी त्यांना निम्मीच कळते. तरी त्या येऊन बसतात, आणि आवडले नाही तर उठून जातात. माझ्या आईला ही सोय कधी मिळाली नाही.

आपल्या मराठी-कोंकणी मुलखात जुनी मोठी घरे, नारळीच्या बागा, नदीकाठचे वाडे पुष्कळ आहेत, आणि शहरांत थकलेली माणसेही पुष्कळ आहेत. त्यांची गाठ घालून देण्याचे मनात असणाऱ्यांनी नफ्याला भिऊ नये, आणि त्याच्या मागेही धावू नये. कोरा कागद घ्यावा आणि त्यावर पहिला आकडा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मजुरीचा लिहावा. शुल्क किती, जागा किती, शिल्लक किती, हे त्याच्या खालच्या ओळींत आपोआप ठरत जाते.