सांगोल्याच्या शेततळ्यातून कोल्हापूरच्या तलावात

मैत्रिणींनो, सांगोल्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते दुष्काळाच्या बातमीत, नाहीतर डाळिंबाच्या पेटीवर. सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला माणदेशातला हा आमचा तालुका. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि आमच्यापर्यंत नुसता वारा पोहोचतो. माण नदी तालुक्यातून वाहते म्हणायची, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१९ साली इथं जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. अशा गावची एक सून पोहण्याच्या स्पर्धेला निघाली म्हटल्यावर लोक हसणारच. सासूबाई तर पहिल्यांदा हसल्या आणि मग चिडल्या. "आगं, पानी भरण्यात जल्म गेला आमचा, आन तू त्यात पवायला चाललीस व्हय?"

स्पर्धा नुसती पोहण्याची नव्हे हो. ट्रायथलॉन म्हणतात तिला. आधी दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानंच सायकलवर बसून चाळीस किलोमीटर जायचं आणि सायकल ठेवली की दहा किलोमीटर पळायचं. मध्ये विश्रांती नाही. कपडे बदलायला, बूट घालायला जो वेळ लागेल तोही घड्याळात मोजला जातो. (आपण बायका सकाळी डबे, अंघोळी, शाळा एका दमात उरकतो, तेव्हा ही कल्पना आपल्याला फारशी नवी नाही.) हा खेळ १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला सुरू झाला. २००० साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला आणि तिथं बायकांची स्पर्धा पुरुषांच्या आधी झाली. स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमहॉन अवघ्या दोन सेकंदांनी जिंकली. या अंतराला ऑलिम्पिक अंतर म्हणतात. गोव्यात २०१९ पासून मिरामारच्या समुद्रात याहून लांब पल्ल्याची स्पर्धा होते. मी निवडली ती कोल्हापूरची, राजाराम तलावावरची. आमच्यापासून दीडशे-एक किलोमीटर. शिवाय तिथं खारं पाणी नाही.

पण मला हे सुचलं कसं? आता आमच्या भागात शेततळी खूप झालीत. डाळिंबाच्या बागा जगवायच्या तर पाणी साठवलं पाहिजे. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी काही गावांना मिळतं, बाकीच्यांना बोअर आणि पाऊस. मोठा चौकोनी खड्डा खणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. लांबून पाहिलं तर डोळे निवतात. पण तो कागद ओला झाला की शेवाळानं असा बुळबुळीत होतो, की आत पडलेल्या माणसाला काठ धरता येत नाही. पाय घसरून बुडाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. चुलत दिरांच्या शेतावर असंच तळं आहे. आमची धाकटी एकदा तिथं उभी राहून म्हणाली, "आई, मी पडले तर तू काय करशील?" काय उत्तर देणार? मला पोहता येत नव्हतं. सासूबाईंना येत नाही, जाऊबाईंना येत नाही. घरातल्या पुरुषांना येतं, ते सगळे लहानपणी विहिरीत शिकलेले. दुपारी तळ्यावर बायका आणि मुलंच असतात.

मी शिकले ती गावाकडच्या पोरांच्या पद्धतीनंच. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, बूच घट्ट लावून, पाठीला बांधायचा. ह्यांनी तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर सोडले आणि ट्रॅक्टरच्या टायरची फुगवलेली ट्यूब पाण्यात टाकली. तुमच्या शेतात तळं असेल तर तुम्ही पोहा किंवा पोहू नका, पण दोर आणि ट्यूब आजच टाका. आणि काठावर दुसरं माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरू नका, कितीही सराव असला तरी.

पहिले पंधरा दिवस नाकातोंडात पाणी जायचं. महिन्यानं डबा सुटला. आमच्या तळ्याची एक बाजू तीसेक मीटरची. दीड किलोमीटर म्हणजे पन्नास फेऱ्या. फेऱ्यांचा हिशेब चुकायचा म्हणून मी मनातल्या मनात दहा-दहाचे गठ्ठे करायचे. कपड्यांचं म्हणाल तर पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्याखालपर्यंतचा पोशाख मागवला. तरी पहिल्या दिवशी भाऊजी बांधावर आल्याचं दिसलं आणि मी अर्धा तास गळ्यापर्यंत पाण्यातच राहिले. भाऊजीही बिचारे पाठ करून मोटर तपासत बसले.

सायकलचा रस्ता पंढरपूरचा. पहाटे पाचला निघायचं, वीस किलोमीटर जायचं आणि वळायचं. रस्ता सपाट, पण वारा मोठा लबाड. जाताना पाठीशी असला की वाटतं आपण किती जोरात जातो! वळल्यावर तोंडावर येतो तेव्हा हिशेब चुकता करतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंगावरून जातात, तेव्हा सायकल सरळ रस्त्याखाली उतरवून उभं राहावं. पळायला कच्चा रस्ता. तिथं मेंढरांचे कळप आडवे येतात आणि धनगराची कुत्री दोन दिवस भुंकून तिसऱ्या दिवशी ओळख धरतात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अशाच माळावर पळून पळून २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. माझी तिच्याशी काही बरोबरी नाही, पण चढावर धाप लागली की तिचं नाव घ्यायला काय हरकत?

खाण्याचं तुम्ही विचारालच. महागडी पूड नाही, पाकिटं नाहीत. सकाळी निघताना दोन खजूर, आल्यावर ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि दही. सायकलच्या खिशात शेंगदाणा-गुळाची चिक्की. घाम फार गेला तर नुसतं पाणी ढोसू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. जुलाबात मुलांना देतो तेच पाणी.

आदल्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो. मिरज सोडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि हवेत ओलावा. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे हिरवेपण पाहून आनंद होतो आणि थोडा रागही येतो, खोटं कशाला बोलू?

पहाटे तलावावर गेले तर पाण्यावर धुकं. रंगीत टोप्या घातलेले पुरुषच पुरुष, त्यांच्या मानानं आम्ही बायका मूठभर. शेततळ्याला चार काठ असतात, कुठूनही दिसतात. इथं पलीकडचा काठ धुक्यात, पाणी गर्द हिरवं, तळ दिसत नाही, आणि दिशेसाठी फक्त लांबवर तरंगणारे मोठे फुगे. शिट्टी झाली आणि सगळे एकदम पाण्यात. कुणाची लाथ माझ्या खांद्याला लागली, कुणाचा हात डोक्यावर. चष्मा निसटला आणि छातीत धडधडायला लागलं. काठावर दोर नव्हता, टायरची ट्यूब नव्हती, हे नव्हते. बचावाची होडी थोड्या अंतरावर होती. हात वर केला असता तर त्यांनी लगेच उचललं असतं. मी पाठीवर पडले आणि आकाश पाहत वीसपर्यंत मोजलं. गर्दी पुढं निघून गेली होती. मग चष्मा बसवला आणि तळ्यासारखे गठ्ठे मोजायला लागले. दर दहा हातांनी मान वर काढून फुगा बघायचा, परत दहा. बाहेर आले तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. मागं अजून काही टोप्या होत्या, हे पाहून बरं वाटलं!

सायकलचं फार सांगत नाही. हायवेवर वळणाच्या जागी एक म्हातारेबाबा टाळ्या वाजवत होते, "चला ताई, चला!" आणि वारा आमच्यापेक्षा सौम्य होता. पळणं मात्र जड गेलं. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, लाकडाचे होतात. पहिले दोन किलोमीटर तसेच गेले. सातव्याला पोटरीत गोळा आला तेव्हा चालले, मीठ-साखरेचं पाणी प्याले आणि परत पळाले. एकूण चार तास चार मिनिटं. पहिल्या आलेल्या बाई केव्हाच अंघोळ करून पोहे खात होत्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी गळ्यातलं पदक हातात घेऊन वजन पाहिलं. "पितळंच हाय का?" मग विचारलं, "बुडाली न्हाईस ना कुठं?" म्हटलं, नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मी धाकटीला तळ्यावर घेऊन निघाले तेव्हा जाऊबाईंच्या दोन्ही मुली अंगणात तयार होत्या. तेलाचे रिकामे डबे सासूबाईंनीच माळ्यावरून काढून, धुऊन, बुचं घट्ट बसवून ठेवले होते. चार होते. चौथा कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "शेजारची यमी यायची म्हनतीया, तिच्या आईला इचारून घे."