झोंबी चालेल, नळ कधी येणार ते सांगा!

सिनेमा बघणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक, गप्प बसून बघणारे. दोन, पडद्यावरच्या माणसाला सल्ले देणारे. पहिल्या प्रकारची मंडळी तुमच्या-आमच्या मल्टिप्लेक्समध्ये सापडतात. मांडीवर पॉपकॉर्नचा टब, मोबाइल सायलेंटवर आणि चेहऱ्यावर 'इम्प्रेस करून दाखवा' असा भाव. दुसऱ्या प्रकारची मंडळी आमच्या जालन्यात राहतात.

हॉरर सिनेमात हा फरक फारच उठून दिसतो. त्यातही सिनेमा सायन्स फिक्शन हॉरर असेल, म्हणजे भुताऐवजी व्हायरस, लॅब, केमिकल असलं काहीतरी असेल, तर विचारूच नका. भूत आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. चिंच, पिंपळ, अमावास्या हा सगळा सिलॅबस पाठ असतो. पण प्रयोगशाळेतून आलेल्या संकटाला नारळ फोडायचा की सॅनिटायझर लावायचा, हेच कळत नाही!

मास कॉम करताना होस्टेलवर आम्ही रिडली स्कॉटचा 'प्रोमिथिअस' पाहिला होता. ज्या माणसाने 1979 मध्ये 'एलियन' बनवून जगाला घाम फोडला, तोच 33 वर्षांनी, 2012 मध्ये, त्याच जगात परत आला होता. यावेळी प्रश्नही केवढा मोठा. माणसाला बनवलं कोणी? सॉलिड अ‍ॅम्बिशस मामला. पण आमच्या रूममध्ये चर्चा कशावर झाली माहितेय? शेवटी ते अवाढव्य यान गडगडत येतं आणि चार्लीझ थेरॉन त्याच्यापुढे नाकासमोर सरळ धावत सुटते. 'अगं बाजूला पळ ना!' एवढं एकच वाक्य आम्ही रात्रभर चघळलं. जगभरच्या प्रेक्षकांनीही तेच केलं. दिग्दर्शक विश्वाचं कोडं घालतो आणि प्रेक्षक विचारतो, 'ही बाई अशी का पळते?'

मला हा प्रेक्षक मनापासून आवडतो. का, ते सांगते.

झोंबी आले रे आले

26 जानेवारी 2022 ला आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' रिलीज झाला. मराठीत झोंबी! ऐकूनच भन्नाट वाटलं होतं. खरं तर तो एप्रिल 2021 मध्येच यायचा होता, पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने सगळ्यांचाच मुहूर्त हुकवला. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. डोंबिवलीतला एक पॉश टॉवर, त्याच्या शेजारी जनता नगर नावाची वस्ती आणि एका रात्रीत चावत सुटलेली माणसं. हिंदीत 2013 च्या 'गो गोवा गॉन'ने झोंबींना गोव्याला नेलं होतं. मराठीत ते लोकलच्या गर्दीतल्या डोंबिवलीत उतरले. आपल्याकडे असला सिनेमा करायचा म्हणजे मेकअप, गर्दी, मारामाऱ्या आणि बजेट यांची सर्कस. हिंमत लागते राव.

मी तेव्हा पुण्यातून घरी, जालन्याला आले होते. फ्रीलान्सरला 'वर्क फ्रॉम होम' नवीन नसतं, पण लॉकडाऊनने ते खऱ्याखुऱ्या होमवर आणून ठेवलं होतं. एका वेब पोर्टलकडून काम आलं : 'तुझ्या गावातल्या लोकांच्या रिअ‍ॅक्शन्स घे ना. झोंबी बघून काय म्हणतात ते. फनी हवं हं!' पैसे बरे होते. मी हो म्हटलं आणि 30 तारखेच्या रविवारी आईला घेऊन सिंगल स्क्रीन थिएटरला गेले.

आई दोन वर्षांत पहिल्यांदाच सिनेमाला निघाली होती. तिने ठेवणीतली साडी नेसली. पर्समध्ये शेंगदाणे आणि सॅनिटायझर. तेव्हा थिएटरमध्ये 50 टक्केच लोकांना प्रवेश होता, तोही दोन डोस झालेल्यांना. दारात एक मुलगा प्रत्येकाचं सर्टिफिकेट बघत होता. आत एक सोडून एक खुर्चीवर फुली मारलेली. म्हणजे शेजारी कोणी नाही आणि तरीही गर्दी. तोंडाला मास्क लावून, अंतर राखून आम्ही सगळे चावल्याने पसरणाऱ्या रोगाचा सिनेमा बघायला बसलो होतो. हा सीन कोणत्याही दिग्दर्शकाला सुचला नसता!

पहिला झोंबी आला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, 'आरं, मास्क लाव आधी!' हशा. दुसरा कोणी चावला गेला. 'आरटीपीसीआर कर त्याची!' परत हशा. मग कोणीतरी दार उघडायला निघालं तेव्हा पुढच्या पोराने खुर्चीवर उभं राहून सल्ला दिला, 'कडी लाव ना लेका, कडी!' आणि मग तो सुप्रसिद्ध डायलॉग आला, जो सिनेमात नाहीच. तेव्हाचे राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच जिल्ह्याचे. पडद्यावर हाहाकार माजला असताना बाल्कनीतून एकजण गंभीरपणे ओरडला, 'टोपेसाहेबाला फोन लावा!'

अख्खं थिएटर कोसळलं. आईच्या हातातले शेंगदाणे सांडले. मी अंधारात वहीत भराभर लिहीत होते. पोर्टलला पाहिजे ते सगळं मिळालं होतं.

आणि मग थिएटर गप्प झालं

पण त्या सिनेमात झोंबींइतकंच महत्त्वाचं आणखी एक पात्र आहे. पाणी. टॉवरवाल्यांकडे ते आहे, वस्तीवाल्यांकडे नाही. कथा सांगून तुमची मजा घालवत नाही, पण सगळा गुंता पाण्याभोवतीच आहे. वस्तीतली माणसं पाण्यासाठी भांडायला लागली आणि आमच्या थिएटरमधल्या कॉमेंट्री टीमचा आवाज बंद झाला. मी मान वळवून पाहिलं. मघाचा खुर्चीवर उभा राहिलेला पोरगा चक्क खाली बसला होता. मग मागून एक बाई शांतपणे म्हणाली, 'आमच्याकडं पंधरा दिवसाला येतंय.' कोणाला उद्देशून नाही. पडद्याला उद्देशून.

कोणी हसलं नाही.

जालना तुम्हाला कशामुळे माहीत असेल? स्टील, बियाणं, मोसंबी. 'जालना सोन्याचा पालना' अशी म्हणही आहे. पण आमच्या पिढीला जालना म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो निळा प्लास्टिकचा ड्रम. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. शहराला पाणी पाजणारा निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव आटला होता. मी शाळेत होते. आमच्या गल्लीत टँकर आला की शाळेचा युनिफॉर्म घालायचा की हंडा उचलायचा, हा प्रश्न पडायचा. पुढे पैठणच्या जायकवाडी धरणातून पाइपलाइन आली. तरी आईची ड्रम भरून ठेवायची सवय काही गेली नाही. पाहुणे आले की ती चहाआधी ड्रमवरचं झाकण नीट बसलंय का ते बघते.

म्हणजे फंडा असा आहे की, झोंबी आमच्यासाठी सायन्स फिक्शन होता. पाण्याचं भांडण नव्हतं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कदाचित उलटं वाटलं असेल. झोंबी खराखुरा हॉरर आणि पाण्याचा सीन म्हणजे मधला 'सोशल मेसेज'. सिनेमा एकच, पण घाबरायची जागा वेगळी.

झोंबीपटांचा मूळ धर्मच तो आहे म्हणा. जॉर्ज रोमेरोने 1968 मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' बनवला तेव्हापासून झोंबी कधी नुसता झोंबी राहिला नाही. त्याच रोमेरोने 1978 मध्ये झोंबींना शॉपिंग मॉलमध्ये फिरवलं आणि अमेरिकेच्या खरेदीच्या वेडाला चिमटा काढला. जिथे जे दुखतं, तिथे झोंबी चावतो.

सिनेमा सुटल्यावर रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मी विचारलं, 'घाबरलीस का गं?'

'ती पोटुशी पोरगी होती ना त्याच्यात, तिचाच विचार करतीये,' ती म्हणाली. 'तुझ्या टायमाला सातवा महिना होता मला. टँकर आला की हंडा घेऊन पळायचे मी. तुझे पप्पा कामावर. झोंबी परवडले बाई, पण टँकरच्या लायनीतल्या बाया नको!'

ती हसली. मीही हसले. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत तिने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. दोन तासांचा एक झोंबीपट लागला त्यासाठी. बी.ए.पासून एम.ए.पर्यंत मला कोणी शिकवलं नाही की सिनेमाची रिअ‍ॅक्शन कधीकधी थिएटरबाहेर, रिक्षात येते म्हणून.

कट!

मी हे सगळं लिहून पाठवलं. मास्कवाले पंच, टोपेसाहेबांचा फोन आणि शेवटी पाण्याचा परिच्छेद. छापून आलं तेव्हा पंच होते, पाणी नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, 'मूड डाऊन होतो ना यार. लाइट ठेवू या.' पैसे वेळेवर आले, तक्रार नाही. पण तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही : छोट्या शहरातल्या प्रेक्षकाने फक्त फनीच का असावं? तो शिट्टी मारतो तेव्हा 'मास', गप्प बसतो तेव्हा त्याचं काय करायचं, हे कोणाला कळत नाही.

खरं तर गप्प बसण्यातच सगळं आहे. माझा मामा 'ज्युरासिक पार्क'चा किस्सा अजून सांगतो. 1994 मध्ये तो हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजी न येणारा आमचा अख्खा मामेवाडा डायनॉसोर बघायला गेला. मामाला डायनॉसोर आठवतोच. पण डोळे मोठे करून तो सांगतो तो क्षण वेगळाच. 'गिलासातलं पाणी हाललं ना, तव्हा थेटरात चिटपाखरू बोललं नाही.' टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या पाण्याच्या ग्लासात उठणारी ती वर्तुळं! ती कॉम्प्युटरने केलेली नव्हती. डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडली होती. इतका साधा जुगाड. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'म्हंजे भीती गिटारनं वाजवली म्हन की!' मास कॉमच्या कोणत्याही पुस्तकात साउंड आणि सस्पेन्सची याहून बरी व्याख्या मी वाचलेली नाही.

आणि 'तुंबाड'? तो सायन्स फिक्शन नाही, मान्य. पण महत्त्वाकांक्षा म्हणाल तर त्याच्या तोडीचं आपल्या मातीत फार कमी बनलंय. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा ऑक्टोबर 2018 मध्ये आला, तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही. मग लोकांनी तो घरी बसून, लॅपटॉपवर पाहिला, एकमेकांना सांगितलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मी पुण्यात पाहिला, जालन्याहून आलेल्या मावसभावासोबत. पडद्यावर कोकणातला तो न संपणारा पाऊस, देवांचा कोप म्हणून कोसळणारा. सगळे श्वास रोखून बसलेले. आणि हा माझ्या कानात पुटपुटला, 'एवढा पाऊस आपल्याकडं पडला असता ना, आपण हस्तरला रोज नैवेद्य दाखवला असता!'

मी तोंड दाबून हसले. शेजारच्या सीटवरच्या मुलीने रागाने पाहिलं. तिला काय सांगणार?

मुद्दा एवढाच की, असे सिनेमे पहिल्या वीकेंडच्या आकड्यांवर तोलले जातात. 'आपल्या ऑडियन्सला कळणार नाही,' हे वाक्य मीटिंगमध्ये फेकलं की विषय संपतो. पण 'झोंबिवली' करणाऱ्या सरपोतदारनेच 2024 मध्ये हिंदीत 'मुंज्या' केला. कोकणातलं मराठी भूत, आणि तो देशभर चालला. म्हणजे न कळणारा ऑडियन्स नेमका राहतो तरी कुठे? कळणं ही जर आयटी पार्कची मक्तेदारी असती, तर ग्लासातल्या पाण्यावर जालना गप्प का झालं असतं?

तुम्ही हे कदाचित लंच ब्रेकमध्ये वाचत असाल. ऑफिसच्या कूलरमधून ग्लास भरून घेतला असेल. त्याच्यावर मी लेक्चर देणार नाही, टेन्शन नॉट. फक्त एक करा. दिवाळीत गावी जाल, तेव्हा कोणता तरी हॉरर लागलेला असेलच. आमच्याकडे यायचं तर डिसेंबर 2023 पासून मुंबईहून वंदे भारतसुद्धा आहे. गावातली सिंगल स्क्रीन अजून चालू असेल, तर आईला, मावशीला, मामाला घेऊन संध्याकाळच्या शोला जा. मागच्या रांगेत बसा. लोक कुठे ओरडतात ते ऐका आणि कुठे गप्प होतात, तेही. आणि परतताना रिक्षात घाईघाईने मोबाइल काढू नका. तुमच्या आईकडेही एखादी गोष्ट असेल, जी तिने तुम्हाला अजून सांगितलेली नाही.