रायण्णाची उंची

सुपरहिरोचा चित्रपट आला की मूळ कॉमिक्स वाचलेली मंडळी आधी कपडे तपासतात. झग्याचा लाल रंग काळपट का झाला, छातीवरचं चिन्ह एवढं मोठं कशाला, मुखवट्यातून डोळे का दिसतात, असे प्रश्न निघतात आणि त्यांच्या उत्तरांवरून चित्रपट मुळाशी प्रामाणिक आहे की नाही याचा निकाल लागतो. मला ही तपासणी चुकीच्या जागी चालली आहे असं वाटतं. २००२ मध्ये सॅम रेमीचा ‘स्पायडरमॅन’ आला तेव्हा बऱ्याच वाचकांची तक्रार जाळ्याबद्दल होती. १९६२ पासून कॉमिक्समधला पीटर पार्कर जाळं फेकण्याचं यंत्र स्वतःच्या हुशारीने बनवत आला होता. चित्रपटात ते जाळं सरळ त्याच्या मनगटातून निघू लागलं. बदल काही किरकोळ नव्हता. पण आपण हातातून निसटू दिलेल्या चोरामुळेच काकांचा जीव गेला ही टोचणी, खिशात कधी पुरेसे पैसे नसणं, शक्ती असूनही रोजच्या जगण्यात मागेच राहणं, हे सगळं चित्रपटाने जसंच्या तसं ठेवलं. याउलट २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’ घ्या. झगा आहे, चिन्ह आहे, क्रिप्टॉन ग्रह तर मुळात नव्हता इतका तपशीलवार आहे. आणि शेवटी सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो, एकदा किंचाळतो, आणि पुढच्याच प्रसंगात चित्रपट हलकाफुलका होऊन जातो. नायक आपल्या शक्तीने काय करू शकतो हे कुठलाही दिग्दर्शक दाखवू शकतो. तो काय करू शकत नाही, काय करणार नाही आणि कशापुढे हरतो, यात त्याचं माणूसपण असतं, आणि चित्रपटाची निष्ठा तिथेच तपासायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मूळ म्हणजे कोणतं मूळ? कॉमिक्समधला नायक एका लेखकाचा नसतो, दर दहा वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. १९३८ च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. उडणं त्याच्याकडे १९४० च्या दशकात आलं, आणि त्यात व्यंगपटांचा मोठा वाटा होता. झॉडला मारण्याच्या बाजूने बोलायचं तर १९८८ च्या एका अंकात कॉमिक्समधल्या सुपरमॅननेही क्रिप्टॉनच्या गुन्हेगारांना ठार केलं होतं. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. १९८८ च्या त्या कृत्याचं ओझं लेखकांनी पुढचे कितीतरी अंक नायकाला वाहायला लावलं, त्यापायी तो पृथ्वी सोडून निघून गेला. मर्यादा मोडली, पण मोडली हे कथेला ठाऊक होतं. आणि ज्या हिरव्या खड्यापुढे सुपरमॅन गलितगात्र होतो तो क्रिप्टोनाइट आधी कॉमिक्समध्ये नव्हताच. तो १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला आणि तिथून पुढे छापील पानांत. रूपांतर करणाऱ्यांनी नायकाला एक कमजोरी बहाल केली आणि तो मुळापेक्षा जास्त ‘तो’ झाला. म्हणजे मूळ बदलतं हे मान्य करूनही नायकाच्या प्रत्येक आवृत्तीला एक प्रश्न विचारता येतोच: याला कुठे अडायला होतं?

मराठी वाचकाच्या एका अख्ख्या पिढीचा सुपरहिरो वेताळ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि ली फॉकचा १९३६ पासूनचा हा जंगलातला मुखवटाधारी मराठीतही घरोघर पोचला. भारतीय आवृत्तीत त्याच्या देशाचं नाव बदललं, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. वेताळाकडे अलौकिक असं काहीच नाही. लोक त्याला अमर समजतात आणि वाचकाला मात्र पहिल्यापासून माहीत असतं की तो मरतो, त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो आणि गुहेतल्या नोंदवहीत पुढचं पान लिहायला बसतो. १९९६ च्या इंग्रजी चित्रपटाने जांभळा पोशाख ठेवला, कवटीची अंगठी ठेवली, घोडा आणि लांडगा ठेवले. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तेवढी गाळली आणि त्यावरून चर्चाही झाली. मला खटकतं ते वेगळंच. त्यात वेताळाचा मेलेला बाप खरोखरीच भूत होऊन मुलाला सल्ले देत फिरतो. ज्या कथेचा सगळा डोलारा ‘भूत नाहीच, फक्त पिढ्या आहेत’ या गुपितावर उभा आहे, तिथेच भूत आणून बसवलं. चड्डी शिवून घेता आली असती.

हे सगळं बेळगाव-निपाणीच्या वाचकाला दूरचं वाटेल, पण आपल्या भागाला स्वतःचा सुपरहिरो आहे आणि त्याच्यावर एकाहून अधिक चित्रपट निघालेत. संगोळ्ळी रायण्णा. त्याचं कॉमिक्स म्हणजे गीगी पदं आणि लावण्या. उत्तर कर्नाटकातल्या गावागावांतून दीडशेहून अधिक वर्षं डफाच्या साथीने तो गायला जातो, आणि प्रत्येक गायक आपापली आवृत्ती काढतो. १९६१ मध्ये बी. आर. पंतुलूंनी ‘कित्तूर चन्नम्मा’ काढला, त्यात रायण्णाच्या राणीची भूमिका बी. सरोजादेवींची. १९६७ चा ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ मराठी माणसाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा: लता मंगेशकर कन्नडमध्ये गायल्या त्या याच चित्रपटात. आणि मग २०१२ मध्ये कन्नड राज्योत्सवाच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, नागण्णा दिग्दर्शित, दर्शन नायक असलेला, जवळपास तीन तासांचा आणि त्या वेळच्या कन्नड चित्रसृष्टीतल्या सर्वांत खर्चिक चित्रपटांत मोडणारा नवा ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ आला. सुपरहिरोच्या चित्रपटाची सगळी लक्षणं त्यात आहेत. प्रश्न हा की त्यातला रायण्णा किती रायण्णा आहे.

तपासायचं तर आधी माणूस कोण होता ते पाहायला हवं. कित्तूरच्या संस्थानात रायण्णा शेतसनदी होता. गावाच्या राखणीची आणि वेळ पडल्यास लढाईची चाकरी करायची आणि त्याबदल्यात थोडी जमीन सवलतीने कसायची, असा हा हुद्दा. सरदारकी तर नाहीच, जमादारकीही नाही. १८२४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कित्तूरचा दत्तक नाकारला, २३ ऑक्टोबरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात कित्तूर पडलं, चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेल्या आणि १८२९ मध्ये तिथेच वारल्या. दरम्यान नव्या राजवटीने शेतसनदींच्या जमिनी काढून घेतल्या, उरल्या त्यांवर सारा वाढवला. रायण्णा उठला तो दत्तकपुत्र शिवलिंगप्पाच्या गादीसाठी, हे खरंच. पण त्याची माणसं जमली ती या जमिनींपायी. म्हणून त्यांनी हल्ले कुठे केले ते पाहण्यासारखं आहे. बिडी, नंदगड, संपगाव या भागांतल्या सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले, साऱ्याची दप्तरं पेटवली. अवघ्या वर्षभराच्या अंतराने पुण्यात फासावर गेलेल्या उमाजी नाईकांची कहाणी मराठी वाचकाला माहीत आहे. पुरंदरची रखवालदारी गेली आणि रामोशी उठले. दोघांच्याही बंडाच्या मुळाशी हिरावलेला छोटासा हक्क आहे. रायण्णा एप्रिल १८३० मध्ये आपल्याच लोकांच्या फितुरीने पकडला गेला, ओढ्यावर अंघोळ करताना, तलवार हातात नसताना, असं परंपरा सांगते. २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडला फाशी दिलं.

यात त्याची मर्यादा कुठे आहे ते उघड दिसतं. तो राजा नाही, सेनापती नाही. त्याची ताकद म्हणजे त्याच्यामागे आलेली शेतसनदी, कुरुब, सिद्दी आणि इतर गावकरी माणसं, आणि त्याचा घातही अशाच माणसांतून होतो. त्याचं बळ आणि त्याचा क्रिप्टोनाइट एकाच ठिकाणी आहेत. २०१२ चा चित्रपट घटनाक्रमाशी बराच इमानदार आहे. कित्तूरची लढाई आहे, राणी आहे (जयाप्रदा), फितुरी आहे, फाशी आहे. पोशाखाच्या तपासणीत तो पैकीच्या पैकी गुण मिळवेल. पण त्याची सारी रचना ताऱ्याभोवती आहे. जिथे शंभर माणसांनी कचेरीवर चाल करायची तिथे एकजण पुढे येतो आणि बाकीचे त्याला पाहत उभे राहतात, जणू तेही तिकीट काढून आलेत. साथीदार प्रेक्षक झाले की दप्तर जाळण्यातला अर्थ निघून जातो, कारण दप्तरात नाव होतं ते त्या शंभरांचं. मग त्यांच्यातल्या कुणाची फितुरीही निव्वळ खलनायकी उरते. बक्षिसाच्या आणि इनामाच्या आमिषाने माणूस का वळतो, हा प्रश्नच पडत नाही.

दुसरा आक्षेप इथे येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. लोकनायक मोठाच असतो, गीगी पदांतही तो फुगवूनच गायलेला आहे, मग चित्रपटाने फुगवला तर बिघडलं कुठे? शिवाय ज्या समाजांची नावं इतिहासाच्या पुस्तकात तळटीपेतही येत नव्हती त्यांना पडद्यावर आपला माणूस उंच, देखणा, अजिंक्य दिसावा असं वाटलं तर त्यांना वास्तववादाचे धडे देणारे आपण कोण? या आक्षेपातला दुसरा भाग मला खराच डाचतो. राजांचे भव्य चित्रपट आपण डोळे मिटून पाहतो आणि शेतसनदीचा आला की भिंग काढतो, हा दुटप्पीपणा होईल. तरीही पदांमधलं फुगवणं वेगळं आहे. पदात रायण्णा वाघ होतो, पण पद ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही असं वाटत नाही की तो आपल्यातला नव्हता; नंदगडला त्याच्या समाधीजवळच्या वडाला आजही मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात ते त्याच्याशी घरोबा आहे म्हणूनच. चित्रपटाने त्याची उंची वाढवली ती त्याला राजांच्या रांगेत बसवून. ज्याचा सगळा मान राजा नसताना लढला यात आहे, त्याला राजेशाही थाट देणं हा सन्मान आहे की त्याच्या खऱ्या हुद्द्याची लाज वाटल्याची कबुली, असा संशय मला येतो.

पडद्यावर समूह नायक होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण निपाणीतच आहे. १९८२ मध्ये युगांतर या गटाने, दीपा धनराज वगैरे मंडळींनी, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट केला. पंचवीसेक मिनिटांचा, कृष्णधवल. त्यात एक पुढारीण निवडून तिच्यावर प्रकाश टाकलेला नाही. धुळीत काम करणाऱ्या, संघटना बांधणाऱ्या बायका आळीपाळीने बोलतात आणि त्यांच्यातली कुठली ‘मुख्य’ हे ठरवायची गरज कुणालाच पडत नाही. माहितीपट आणि तीन तासांचा गल्लाभरू चित्रपट यांची तुलना अन्यायाची आहे, हे कबूल. पण अशा कथेला रूपच सापडत नाही ही सबब तरी त्याने संपते.

हे सगळं निव्वळ चित्रपट-समीक्षेपुरतं राहिलं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. २०२० च्या ऑगस्टमध्ये बेळगावजवळ पिरनवाडीत रायण्णाच्या पुतळ्यावरून मराठी आणि कानडी तट समोरासमोर उभे राहिले. शेवटी पुतळा रायण्णाचा राहील आणि चौकाला नाव शिवाजी महाराजांचं, अशी तडजोड झाली. २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरूत महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगोलग इकडे अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोन्ही निंद्यच. चित्रपटामुळे हे झालं असं मी म्हणत नाही, या भांडणाची मुळं १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहेत. पण घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला, कसलीही अडचण नसलेला नायक समोरच्या चौथऱ्यावरच्या दुसऱ्या तशाच नायकाविरुद्ध उभा करायला सोपा असतो. ज्याची जमीन साऱ्यात गेली तो रायण्णा तसा उभा करता येत नाही, कारण त्याच्या बंडाच्या मुलुखाचा मोठा भाग खानापूर तालुक्यात येतो, तिथली बहुसंख्य गावं मराठी बोलतात, आणि कंपनीचा सारा भाषा विचारून वसूल होत नव्हता. मराठी माणसानेही इथे थोडं गिळायला हवं: कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंना पुण्यात कैदेत ठेवणारे इंग्रज नव्हते, दुसरे बाजीराव होते.

पुढचा रायण्णा कुणी काढणार असेल तर त्याने सुरुवात लढाईने न करता साऱ्याच्या दप्तराने करावी. कुणाची किती जमीन, किती सवलत, किती गेली. पात्रं कन्नड बोलतील, मराठी बोलतील, बाजारात उर्दूही, आणि अनुवादाच्या ओळी तिन्हींसाठी लागतील. फितूर होणाऱ्याला घर असावं आणि त्या घरात काय नाही ते दिसावं. रायण्णाच्या भूमिकेसाठी तारा नको, कारण तारा आला की बाकीचे शंभर पुन्हा बाजूला सरकतात. बेळगावच्या थिएटरांत असा चित्रपट दुसरा आठवडा पाहील की नाही याची मला शंकाच आहे. मात्र किल्ल्याचे भव्य सेट, हत्ती आणि ताऱ्याचं मानधन वजा केलं तर तो २०१२ च्या मानाने कितीतरी कमी पैशांत उभा राहील, आणि तीन तासही लागणार नाहीत.