आईने पाहिलेला समुद्र

परभणीच्या माणसाला मुंबई म्हणजे एका रात्रीची गाडी. तरीही सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने समुद्र पाहिला नव्हता. वडील दरवर्षी "यंदा मुंबई!" म्हणत आणि दरवर्षी तिला कधी पंढरपूर, तर कधी तिरुपती घडवून आणीत. गंगाखेडची गोदावरी हेच तिला ठाऊक असलेले मोठे पाणी. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. गेल्या वर्षी वडिलांच्या अस्थी आम्ही त्याच गंगेत सोडल्या. तेव्हापासून आई घराबाहेर पडेनाशी झाली. अखेर नातवंडांनी हट्ट धरला आणि आम्ही पाच माणसे देवगिरी एक्स्प्रेसमध्ये चढलो.

एका दिवसात मुंबई पाहणे म्हणजे पंचपक्वान्नांचे ताट उभ्याउभ्या उरकणे! बोरीबंदरची १८८८ साली पुरी झालेली ती भव्य इमारत मुलांनी मान दुखेपर्यंत पाहिली. हुतात्मा चौकात आईने चपला काढून हात जोडले. गेटवेपाशी माझ्यातला मास्तर जागा झाला. पंचम जॉर्जच्या १९११ मधील भेटीचे स्मारक म्हणून बांधलेली ही कमान १९२४ साली खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी तिच्याखालूनच निघून गेली.

"म्हणजे तेव्हा आपणही स्वतंत्र झालो होतो?" मुलीने विचारले.

"नाही बाळ. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. आपल्याला १७ सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली."

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर आलो. मुले भेळेच्या गाडीकडे धावली, सौ. त्यांच्यामागे. आई लुगडे सावरीत पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली,

"का रे, सगळ्या नद्या समुद्राला मिळतात ना?"

"हो."

"मग आपली गंगा इथंच येत असेल."

ती काय विचारीत होती, ते माझ्या ध्यानात आले. क्षणभर वाटले, 'हो' म्हणून टाकावे. भूगोलाचे काय बिघडणार आहे? पण आईशी खोटे बोलायला जीभ रेटेना.

"नाही आई. त्र्यंबकेश्वराला ती उगम पावते, तिथून हा समुद्र शंभर किलोमीटरही नाही. पण मध्ये सह्याद्री आडवा. म्हणून ती इकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. नाशिक, पैठण, आपले गंगाखेड, नांदेड, पुढे तेलंगण, आंध्र असा जवळजवळ दीड हजार किलोमीटरांचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते."

आईने पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिले. आता तिचे डोळे भरणार, असे मला वाटले.

"म्हणजे जवळचा समुद्र टाकून लांबच्या वाटेनं गेली म्हण की! तुझ्या वडिलांना शोभणारी वाट आहे ही." आणि ती हसली. वर्षभरात प्रथमच हसली.

परतीच्या गाडीत सगळे पेंगत होते. दिवा मालवायला उठलो, तर आई जागीच!

"राजमहेंद्रीला गंगा फार रुंद होते म्हणतात. तिकडं गाडी जाते का रे?"

या दिवाळीच्या सुटीसाठी मी वेळापत्रक काढून बसलो आहे.