खरखर आणि घरघर

मराठी ही तिखट कानांची भाषा आहे. जात्याची घरघर, रेडिओची खरखर, वाळल्या पानांची सळसळ, डासाची गुणगुण, बैलाच्या गळ्यातील घुंगरांची खुळखुळ. आवाज कशातून निघतो, किती जोराने निघतो, तो कोरडा आहे की ओला, हे सारे आपण दोन-दोन अक्षरे पुन्हा उच्चारून सांगतो. व्याकरणाच्या तासाला हे शब्द 'अभ्यस्त' या मथळ्याखाली पाच-सात उदाहरणांत उरकले जातात. (परीक्षेत त्यांच्यावर एका गुणाचा प्रश्न येतो; तेवढाच त्यांचा मान.) या शब्दांची खरी किंमत मला कळली ती एका सदोष साउंड कार्डाच्या पायी ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या, वर्षभराहून अधिक चाललेल्या झटापटीत.

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात, मालेगाव–मेहकर रस्त्यावर केनवड आहे. 2001 साली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, तिथल्या आमच्या घरी मी आत्याच्या आणि तिच्या बरोबरीच्या चार-पाच बायांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केल्या. पिठाची गिरणी गावात येऊन तोवर बरीच वर्षे लोटली होती. जाते उरले होते ते डाळ भरडण्यापुरते आणि लग्नातल्या हळदीपुरते. बायांनी माझ्यासाठी मुद्दाम तूर भरडायला घेतली, कारण नुसते बसून गा म्हटले तर आत्याला ओवीच आठवेना. खुंट्याला हात लागला की मात्र एकीमागून एक ओवी येई, थांबवावे लागे. अशा बारा कॅसेटी भरल्या. आत्या 2011 मध्ये गेली. त्या बायांपैकी आज एकच हयात आहे.

लोकसाहित्याचा आपला अभ्यास मुख्यतः छापील ओवीवर उभा आहे. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन' किंवा सरोजिनी बाबर यांचे संग्रह यांचे ऋण मोठे आहे; पण कागदावर उतरताना ओवीचा गळा मागे राहिला, आणि त्या काळात तो राहणारच होता. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. 2017 पासून हा ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने लोकांपुढे आणायला सुरुवात केली, तेव्हा अनेक मराठीच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे शिकवलेली ओवी पहिल्यांदा कानाने ऐकली असेल. मावळ-मुळशीच्या बायांचे ते गळे ऐकताना मला माझ्या कपाटातील बारा कॅसेटींची आठवण न होती तरच नवल.

कॅसेट म्हणजे लोहभस्माचा लेप दिलेली प्लॅस्टिकची फीत. वऱ्हाडातील अठरा उन्हाळे सोसलेल्या फितीचा लेप सुटू लागतो. प्रत्येक वेळी ती वाजवली की थोडा लेप यंत्राच्या डोक्याला चिकटतो आणि तेवढा आवाज कायमचा जातो. म्हणून शक्य तितक्या कमी वेळा वाजवून तिच्यातला आवाज संगणकात उतरवून घ्यायचा. टेपरेकॉर्डर आणि संगणक यांच्यामध्ये जे दुभाष्याचे काम करते ते साउंड कार्ड. विजेच्या रूपाने आलेली ध्वनिलहर ते एका सेकंदात 44,100 वेळा मोजते आणि प्रत्येक मापाला 65,536 आकड्यांपैकी एक आकडा देते. मोजणाऱ्याचाच हात थरथरत असेल तर ती थरथरही आकड्यांत जाऊन बसते, आणि मग हा आकडा आत्याचा आणि हा कार्डाचा असे कोणाला निवडून काढता येत नाही. दुभाष्याच्या पदरच्या शब्दांनी मूळ संहिता भ्रष्ट होते, असे पाठचिकित्सेच्या भाषेत म्हणता येईल.

ऑगस्ट 2019 मध्ये मी एक यूएसबी साउंड कार्ड घेतले, 2,750 रुपयांचे. कंपनी नामांकित होती. पहिल्याच कॅसेटीला दोन परके आवाज ऐकू आले: एक खालच्या पट्टीतला अखंड हुंकार, आणि दुसरी डाव्या बाजूने येणारी कोरडी खरखर, तापलेल्या तव्यावर ज्वारीचे दाणे पडावेत तशी.

ग्राहक सेवेचा फोन लागायला पंधरा मिनिटे बासरी ऐकावी लागे. ('आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है' हे वाक्य बासरीच्या मध्ये, नेमके सम गाठताना.) पलीकडच्या तरुणाने विचारले, कैसी आवाज़ है, सर? मी दोन्ही आवाजांचे माझ्या परीने नेमके वर्णन केले. त्याने ते ऐकून घेतले आणि नोंद केली: 'नॉइज इश्यू'. त्यांच्या पडद्यावर तेवढाच रकाना होता. दुसऱ्या दिवशी दुसरा तरुण. त्याला पुन्हा प्रारंभापासून सांगायचे. रोज नवा श्रोता आणि माझा तोच पूर्वरंग. उत्तररंग कधी आलाच नाही. संगणक बंद करून चालू करा, ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, वायर बदला, आणि हे सारे करून झाले की शेवटचे पालुपद: आपके यहाँ की बिजली का प्रॉब्लेम होगा. 'आपके यहाँ' या दोन शब्दांत केनवडचा सगळा भूगोल येऊन जाई. त्या तरुणांवर मी कधी रागावलो नाही. त्यांच्यापुढे एक कागद ठेवलेला होता आणि त्या कागदाबाहेर ऐकण्याची त्यांना मुभा नव्हती.

विजेचा प्रश्न मी तपासून पाहिला. गावातल्या वायरमनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "सर, याले तं अर्थिंगच नाई बा." मग अंगणात खड्डा खणला, पाइप पुरला, मीठ आणि कोळसा भरला, वरून पाणी सोडले. त्या दिवशी हुंकार थांबला. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि तिला जमिनीत जायला वाट नसली की ते हेलकावे ध्वनिमुद्रणात घुमतात. हुंकार त्यांचाच होता. खरखर मात्र राहिली. लॅपटॉपची चार्जरची वायर काढून, नुसत्या बॅटरीवर, कार्डाला काहीही न जोडता मुद्रण केले; वीस मिनिटांनी कार्ड गरम झाले की डाव्या बाजूला खरखर सुरू होई. उजवी बाजू स्वच्छ. दुसऱ्या संगणकावर तेच. एवढा पुरावा एखाद्या शोधनिबंधालाही पुरला असता. तो मी लिहून पाठवला. उत्तर आले की तक्रार क्रमांक अमुक 'सोडवण्यात आला' आहे.

पुन्हा नवी तक्रार, नवा क्रमांक. या खेपेस त्यांना नमुना हवा होता, तोही ज्या मुद्रणात दोष आढळतो त्याच मूळ कॅसेटीचा, आणि तीन वेगवेगळ्या सेटिंगांवर घेतलेला. दुसरी कोणतीही कॅसेट लावून हाच दोष दाखवता येतो, हे मी दोनदा कळवले. कागदात ते बसत नव्हते. त्यावेळी सातव्या कॅसेटीवर काम चालू होते. तिसऱ्या सेटिंगला फीत यंत्रात गुंडाळली गेली आणि तुटली. मी जोडली, पण मधली सुमारे नऊ मिनिटे चुरगळून गेली होती.

डिसेंबरमध्ये एका तंत्रज्ञाने दुरून माझा संगणक हाताळायला घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना पाहणे हा एक वेगळाच अनुभव. अंगात आल्यासारखे दिसते. त्याने एक खिडकी उघडली, एका चौकोनात खूण केली आणि अभिमानाने म्हणाला, "अब सुनिए सर, एकदम क्लीन."

खरोखरच खरखर पुष्कळ कमी झाली होती. आणि जातेही गेले होते.

असे का व्हावे हे नंतर वाचून कळले. गोंगाट काढणारी ही प्रणाली साधा ठोकताळा वापरते: जो आवाज सतत आणि एकसारखा येतो तो गोंगाट, आणि जो चढतो-उतरतो ते बोलणे. पंखा, वातानुकूलन यंत्र, रस्त्यावरची वाहने यांच्यासाठी हा नियम ठीक. जात्याची घरघर त्याच हिशेबात गेली. उरली ती आत्या, एखाद्या रिकाम्या खोलीत एकटीच उभी राहून गात असल्यासारखी. आणि ऐकताना काहीतरी अडखळत होते. मध्येच अक्षर लांबत होते, मध्येच श्वास तुटत होता, एका चरणानंतर विनाकारण वाटावी अशी थांबण होती. जाते कानात असताना यातले काहीच विनाकारण नव्हते. खुंटा अंगाकडे ओढताना जोर लागतो तिथे अक्षर तुटते. तो पुढे जाताना हात सैल होतो तिथे स्वर लांबतो. आणि जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायला एक हात सुटतो तिथे थांबण येते. ओवीचे छंदशास्त्र आपण अक्षरे मोजून शिकवतो, आणि अक्षरसंख्या अनियमित आहे म्हणून तिला सैल छंद म्हणून मोकळे होतो. तो सैलपणा दगडाच्या फेऱ्याने भरून निघत होता. घरघर काढून टाकलेली ओवी ऐकली तेव्हा मला ही गोष्ट इतकी स्पष्ट कळली की त्या तंत्रज्ञाचे एका परीने आभारच मानायला हवेत. मी त्याला सांगितले की तो आवाज परत हवा आहे. तो गोंधळला. "वही तो नॉइज था, सर." त्याच्या दृष्टीने तक्रार मिटली होती, आणि आता ग्राहकच गोंगाट परत मागत होता.

ओवी हीसुद्धा पुष्कळदा तक्रारच असते. सासर, दुरावलेले माहेर, न आलेला भाऊ, कष्ट. घरात ऐकून घेणारे कोणी नाही म्हणून पहाटेच्या अंधारात ती दगडाला सांगायची. बायांनी जात्याला देव म्हटले, बाप म्हटले, सोबती म्हटले. दगडाने उत्तर दिले नाही, पण मिटल्याचेही कधी कळवले नाही.

असो. जानेवारी 2020 मध्ये कार्ड बदलून मिळेल असे ठरले. घरून नेण्याची सोय 'आपल्या पिनकोडवर उपलब्ध नाही' म्हणून मी स्वतः अकोल्याच्या केंद्रात ते देऊन आलो. पावती मिळाली. दुरुस्त करून पाठवलेले दुसरे कार्ड फेब्रुवारीत आले, आणि त्याची उजवी बाजूच मुकी होती. ते परत दिले. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि केंद्राचे शटर खाली आले. ते पुन्हा उघडले तेव्हा ऑगस्ट उलटून गेला होता आणि वॉरंटीची मुदत संपली होती. कार्ड या काळात त्यांच्याच कपाटात होते, ही बाब मुदतीच्या हिशेबात धरता येत नाही, असे मला नम्रपणे सांगण्यात आले.

जाते गुळगुळीत झाले की दाणा नीट भरडला जात नाही. मग त्याला टाकी लावावी लागते. माझ्या लहानपणी वर्षाकाठी एक पाथरवट छिन्नी-हातोडी घेऊन दारावर यायचा. तो आधी जाते रिकामेच एक फेरा फिरवून ऐकायचा. कुठे घासते आणि कुठे नुसतेच सरकते, हे त्याला आवाजावरून कळे, आणि मग तेवढ्याच जागी तो टाके मारी. आत्या शेजारी बसून सांगे, या अंगाला बोदा आवाज येतो. 'बोदा' म्हणजे काय, असे त्याने तिला विचारल्याचे मला आठवत नाही.

बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. 1986 मध्ये देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा आला, आणि त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. नव्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मी अर्जाचा मसुदा मराठीत केला. दोषाचे वर्णन करताना 'खरखर' हा शब्द लिहिला आणि त्यावर समाधान मानले. 'नुकसानीचे स्वरूप' इथे मात्र तीन दिवस अडलो. कार्डाची किंमत 2,750, अकोल्याच्या फेऱ्यांचा खर्च इतका, एवढे लिहून झाल्यावर सातव्या कॅसेटीतील नऊ मिनिटे कोणत्या रकान्यात आणि किती रुपयांना मांडायची? आधी नोटीस पाठवली होती. अर्ज दाखल होण्यापूर्वीच कंपनीने कार्डाची किंमत परत केली, 'ग्राहकांप्रती सौजन्य म्हणून'. सौजन्याची पोच मी दिली नाही.

बाकीच्या कॅसेटी 2021 च्या दिवाळीत एका मित्राच्या यंत्रावर, एकेकदाच वाजवून उतरवल्या. खरखर नाही, घरघर आहे. हरवलेल्या नऊ मिनिटांतील ओव्यांचे शब्द माझ्या 2001 च्या वहीत आहेत. एकोणीस ओव्या, निळ्या शाईत. ती वही घेऊन मी आत्याच्या त्या हयात मैत्रिणीकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. दोन-तीन ओव्या वाचून दाखवल्या तशा त्या हसल्या. पुढचे शब्द त्यांनीच पुरे केले. पुन्हा गाल का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "आधी जातं टाकवून आन, बाबू. गुळगुळीत दगडावर काय गाऊ?"

आमचे जाते कोठ्यात आहे, वरची तळी शाबूत आहे. टाकी लावणारा आता दारावर येत नाही. रिसोडच्या बाजारात विचारले, तेव्हा मेहकरच्या बाजूला एक जण अजून हे काम करतो असे कळले. त्याचा फोन नंबर कोणाकडे नाही; जाऊनच गाठावा लागेल.