जागल

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बालाघाटला साडेपाचला सूर्य मावळतो, तो पावणेसातपर्यंत तोंड दाखवत नाही. सव्वातेरा तासांची रात्र. बैहर-मलाजखंडच्या पठारावर पारा एक आकडी होतो, खाली वैनगंगेवर धुकं बसतं आणि आठ वाजता गल्लीत चिटपाखरू नसतं. दिवसभर राबलेल्या माणसाला ही रात्र पुरतही नाही. पण ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याला ती खायला उठते.

धानाच्या या मुलखात रात्र जागून काढण्याची रीत जुनी आहे. कापणी झाली की बांध्या मोकळ्या होतात, पुंजणे रचले जातात आणि मग चुरणं. धान घरी येईपर्यंत खळ्यावर कुणीतरी जागलीला हवंच. बुडाखाली तणस, अंगावर घोंगडी, पुढ्यात शेकोटी. छाती भाजते आणि पाठ गारठते. रानडुकरं फिरकू नयेत म्हणून मधूनमधून हाळी घालायची. थोड्या वेळानं पलीकडच्या खळ्यावरून तशीच हाळी येते. प्रार्थना माणसाला इथेच कुठेतरी सापडली असावी, असं मला फार वाटतं. अंधारात हाक घातली आणि पलीकडे कुणीतरी जागं आहे एवढं कळलं, की जीव थाऱ्यावर येतो. मग आणखी काही मागावंसं वाटत नाही.

गोंडांनी ही जागल थेट आभाळात नेऊन ठेवली आहे. सप्तर्षींचा चौकोन ही एका म्हातारीची बाज, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवायला निघालेले चोर. या दिवसांत आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या अंगाला बाजेचा पहिला खूर वर येतो. शेवटचा चोर डोकं काढतो तेव्हा मध्यरात्र झालेली असते आणि दक्षिणेला मृग उंच चढलेला असतो. झोप न येणाऱ्या माणसानं हे आभाळ जरूर पाहावं. चोर रोज निघतात आणि म्हातारीची बाज अजून जागच्या जागी आहे.

गावात भजन असलं तर मात्र आभाळाकडे पाहायला सवड नसते. या पट्ट्यात भजन म्हटलं की खंजिरी आणि खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराज. 1909 साली अमरावतीकडच्या यावलीत जन्मलेल्या या संतानं 1942 च्या आंदोलनात नागपूर आणि रायपूरचा तुरुंग पाहिला. भजनं त्यांनी मराठीत लिहिली तशीच हिंदीतही. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. घरात पोवारी किंवा मराठी, कचेरीत हिंदी आणि सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या, अशा घरांना दोन्ही भाषांत गाणारा हा माणूस आपलाच वाटला तर नवल नाही.

गारठ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं. म्हणून भजनाआधी ती शेकोटीवर धरतात, फिरवतात, बोटानं टिचकी मारून कानाशी नेतात. आवाज अजून बसका असला तर पुन्हा शेकोटी. तो मोकळा झाला की मगच पहिलं भजन. तोवर माणसं एकेक करून येत राहतात. ज्याच्या घरी दुःख झालं आहे तोही येतो, भिंतीला टेकून बसतो. त्याला कुणी काही विचारत नाही, समजूतही घालत नाही. हातात झांजा मात्र देतात. ताल धरायचा तर हात हलवावे लागतात, आणि हात हलले की आतलं गोठलेलंही थोडं हलतं. हा उपाय ज्यानं शोधला त्याला माणसाचं दुःख पुरतं कळलं होतं.

हल्ली चुरणं यंत्रावर भराभर उरकतं, खळ्यावरची जागल कमी झाली. पोरं नागपूर-पुण्याला नोकरीला गेली. झोप न येणारी म्हातारी माणसं मात्र गावात आहेत, आणि रात्र तेवढीच लांब आहे. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेलच. या हिवाळ्यात एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर तिथे जा. भजन येत नसलं तरी चालेल, नुसते बसा. आजी म्हणेल, उशीर झाला, जा आता. लगेच उठू नका.