नदीची वाटणी

लास व्हेगास येथें नोकरीस असलेल्या पुतण्यानें २०२२ च्या जुलैंत मला व त्याच्या आईस हूव्हर धरण दाखविण्यास नेलें. शहरापासून मोटारीनें जेमतेम तासाभराचा रस्ता. पण सभोंवार झाडाचें नांव नाहीं, आणि ऊन असें कीं दाराला हात लावतांच चटका बसावा. अशा त्या वैराण डोंगरांत एकाएकीं खोल दरी उघडते, आणि ७२६ फूट उंचीची ती भिंत दोन्ही कड्यांना खांदे लावून उभी असलेली दिसते!

पुतण्या इंजिनियर, माहिती सांगतांना त्याला भरतें आलें होतें. भिंतीची जाडी तळाशीं ६६० फूट, माथ्यावर ४५. डोंगर पोखरून चार बोगदे काढले, त्यांतून कोलोरॅडो नदी वळविली, तेव्हां कोठें पायाचें काम सुरू झालें. मला सर्वांत नवल वाटलें तें मात्र निराळ्याच गोष्टीचें. काँक्रीट आळतांना आंतून तापतें. एवढा ढीग एकसंध ओतला असता तर तो निवण्यास सव्वाशें वर्षें लागलीं असतीं आणि तडे गेले असते ते निराळेच, असा हिशेब होता. म्हणून तें ठोकळ्याठोकळ्यांनीं ओतलें, व प्रत्येकाच्या पोटांत इंचभर व्यासाच्या नळ्या घालून त्यांतून गार पाणी खेळविलें. अशा नळ्या लागल्या ५८० मैलांहून अधिक! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तापलेल्या दुधाचें पातेलें आपण परातींतल्या पाण्यांत ठेवतों, त्यांतलाच हा प्रकार कीं!" पुतण्या हंसला, पण उपमा चुकली असें मला वाटत नाहीं.

१९३१ सालीं सुरू झालेलें हें काम मुदतीच्या दोन वर्षें आधीं पुरें झालें. त्यांत ९६ माणसें दगावल्याची सरकारी नोंद आहे. धरणास हूव्हर म्हणावें कीं बोल्डर, हा वाद पुढें १९४७ पर्यंत चालला. असो.

माथ्यावरून मीड सरोवराकडे वळून पाहिलें, तों कड्यांवर दीडशें फुटांहून उंच असा पांढरा पट्टा! पाणी उतरत गेलें आणि त्यांतले क्षार खडकावर राहिले. सरोवर प्रथम भरत होतें त्या काळानंतर, म्हणजे १९३७ नंतर, पाणी इतकें खालीं कधींच गेलें नव्हतें. याचें मूळ १९२२ च्या करारांत आहे. सात संस्थानांनीं नदीचें पाणी वांटून घेतलें तें हूव्हरसाहेबांच्याच अध्यक्षतेखालीं. आणि हिशेबास धरलीं तीं नेमकीं भरघोस पाण्याचीं वर्षें. १९४४ सालीं मेक्सिकोचा वांटा ठरून त्यावर आणखी बोजा पडला. तेथल्या मूळ रहिवाशांस तर कोणीं बैठकीस बोलाविलेंही नव्हतें.

हें ऐकतांना मला आमच्या घरचा कागद आठवला. १९५६ सालीं वडीलधाऱ्यांनीं जमिनी वांटल्या व विहिरीच्या पाळ्या लाविल्या. त्या वर्षीं पाऊस उदंड, विहीर कांठोकांठ. पहिली पाळी आमची, शेवटली धाकट्या काकांची. पुढें विहीर आटूं लागली, तेव्हां त्यांचा मळा वाळतांना मीं पाहिला आहे. आमचें पाणी मात्र एक दिवसही चुकलें नाहीं, आणि कागदावर सर्वांच्या सह्या होत्या.

वहिनींनीं लेकाला विचारलें, "अरे, पण ही नदी समुद्रास मिळते कोठें?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, बहुतेक वर्षीं मिळतच नाहीं. मेक्सिकोंत वाळूंतच संपते."

वहिनी पुढें कांहीं बोलल्या नाहींत. परततांना मोटारींतही कोणी फारसें बोललें नाहीं. त्या रात्रीं मीं गांवीं चुलतभावास, धाकट्या काकांच्या मुलास, फोन केला. पाळीचा विषय कांहीं माझ्यानें काढवेना. पाऊस कसा काय आहे, एवढेंच विचारलें.